तीस लाख युआनची खुर्ची

जानेवारी २०२४मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीने भ्रष्टाचारविरोधी मालिकेचा एक भाग फुटबॉलला दिला. त्यात पडद्यावर बसला होता ली तिए. हा राष्ट्रीय संघाचा माजी प्रशिक्षक, त्याआधीचा राष्ट्रीय संघाचा मिडफिल्डर आणि इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये नियमित खेळलेला माणूस. राष्ट्रीय प्रशिक्षकाची खुर्ची कशी मिळवली, ते तो सांगत होता. त्याच्या क्लबने, म्हणजे वुहान झालने, चिनी फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष चेन शूयुआन यांना २० लाख युआन पोहोचवले. सरचिटणीस ल्यू यी यांना त्याने स्वतःच्या खिशातून १० लाख दिले. एकूण ३० लाख युआन, आपल्याकडच्या हिशेबाने तेव्हाचे तीनेक कोटी रुपये. आणि २ जानेवारी २०२० रोजी त्याची नेमणूक जाहीर झाली.

तेव्हा खटला अजून सुरूही झालेला नव्हता. चीनमध्ये आरोपी आधी पडद्यावर कबुली देतो आणि मग न्यायालयात उभा राहतो, त्यामुळे अशी कबुली जशीच्या तशी पुरावा मानणे बरे नव्हे. पण पुढे न्यायालयातही त्याने गुन्हे मान्य केले आणि संघटनेचे दोन्ही बडे अधिकारी स्वतंत्र खटल्यांत दोषी ठरले. व्यवहाराचा मुख्य सांगाडा त्यामुळे वादातीत आहे. मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या माणसाने आपली प्रत्येक जागा धावून धावून मिळवली होती, त्याला ही एक जागा विकत का घ्यावीशी वाटली?

‘तिए’ म्हणजे लोखंड. जन्म १८ मे १९७७चा, शेनयांगमधला. ईशान्य चीनमधले हे अवजड कारखान्यांचे शहर, ल्याओनिंग प्रांताची राजधानी. तिथल्या मुलाला हे नाव शोभावे असेच. (इंग्रज समालोचक त्याला वर्षभर ‘ली टाय’ म्हणत राहिले, ते सोडा.)

१९९३ साली चिनी फुटबॉल संघटनेने एक धाडस केले. देशभरातली सोळा-सतरा वर्षांची निवडक मुले थेट ब्राझीलला पाठवायची, काही वर्षे तिथेच ठेवायची, तिथल्या मुलांशी खेळवायची. खर्च उचलला ग्वांगदोंगमधल्या जियानलिबाव या शीतपेयाच्या कंपनीने आणि संघालाही तेच नाव पडले. प्रशिक्षक होते चू ग्वांगहू. त्या मुलांत ली तिए होता. त्याच्याइतके चेंडूवर हुकमत असलेले निदान अर्धा डझन तरी त्या तुकडीत असतील. याचे वेगळेपण पायांपेक्षा फुप्फुसांत होते. चीनमध्ये त्या काळात व्यावसायिक खेळाडूंना बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी द्यावी लागे आणि भलेभले तिच्यात गारद होत. ली तिएला मात्र ‘पळून न मरणारा’ असे टोपणनावच मिळाले. सराव संपला की इतर निघून जायचे आणि हा मैदानाला फेऱ्या मारत राहायचा.

परतल्यावर तो ल्याओनिंगच्या संघात आला. १९९९चा मोसम तिथे अजून आठवला जातो. नुकताच वरच्या श्रेणीत चढलेला हा पोरसवदा संघ थेट विजेतेपदाच्या दारात पोहोचला. शेवटच्या दिवशी बीजिंगमध्ये जिंकला असता तर चषक त्यांचा होता, पण सामना १-१ असा सुटला आणि एका गुणाच्या फरकाने शानदोंग विजेते ठरले.

त्यानंतर आला ७ ऑक्टोबर २००१. विश्वचषक पात्रतेचा सामना, समोर ओमान, स्थळ शेनयांगचे वुलिहे स्टेडियम. म्हणजे ली तिएचे घरचेच अंगण. यू गेनवेईच्या एकमेव गोलवर चीन जिंकला आणि पहिल्यांदाच विश्वचषकात गेला. बोरा मिलुतिनोविच हे सर्बियन प्रशिक्षक रातोरात देव झाले. मध्यभागी धावणारा ली तिए चोवीस वर्षांचा होता. पुढच्या उन्हाळ्यात कोरियात चीन तिन्ही सामने हरला. कोस्टा रिकाकडून ०-२, ब्राझीलकडून ०-४, तुर्कस्तानकडून ०-३. एकही गोल नाही. तेव्हा कुणी फार मनावर घेतले नाही. पहिलीच खेप आहे, पुढे बरेच विश्वचषक येतील, अशी समजूत होती.

त्याच ऑगस्टमध्ये तो इंग्लंडला गेला आणि इथे त्याच्या कारकिर्दीतली खरी गंमत सुरू होते. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचा नवा पुरस्कर्ता होता केजियान, मोबाईल बनवणारी चिनी कंपनी. खेळाडूंच्या छातीवर तिचे नाव झळकायचे आणि त्या सौद्याबरोबर दोन चिनी खेळाडू एव्हर्टनला उसने मिळाले. एक ली तिए, दुसरा बचावपटू ली वेइफेंग. शर्ट विकण्यासाठी आणलेली जोडी, असा टोमणा तेव्हा मारला जाई आणि तो अगदीच खोटा नव्हता. ली वेइफेंग एक लीग सामना खेळून काही महिन्यांत परतला.

ली तिए मात्र त्या मोसमात लीगचे २९ सामने खेळला. प्रशिक्षक डेव्हिड मॉइज कुणाला मेहेरबानी म्हणून खेळवणारे नव्हते. त्यांना मध्यभागी पळणारा, चेंडू हिसकावणारा आणि साधा पास देऊन पुन्हा जागेवर येणारा माणूस हवा होता. हा तसा होता. त्या मोसमात एव्हर्टन सातवे आले. सोळा वर्षांच्या वेन रूनीने आर्सेनलविरुद्ध तो गाजलेला गोल मारला, तेव्हा त्याच्या छातीवर ‘केजियान’ होते. १ जानेवारी २००३ रोजी एव्हर्टन आणि मँचेस्टर सिटी यांच्यात २-२ अशी बरोबरी झाली. सिटीकडून सुन जिहाई होता, इकडून ली तिए. इंग्लंडसाठी तो नववर्षाच्या सुट्टीतला एक सामना होता. चीनमध्ये तो पाहायला कोट्यवधी माणसे दूरचित्रवाणीसमोर बसली.

दार कंपनीच्या पैशाने उघडले, पण आत टिकला तो स्वतःच्या दमावर. सगळ्या प्रकरणाची किल्ली मला इथे दिसते. त्याच्या आयुष्यात प्रत्येक दाराशी कुठल्यातरी कंपनीची थैली उभी होती. ब्राझीलला शीतपेयाची, लिव्हरपूलला मोबाईलची, पुढे घरबांधणीवाल्यांची. विशी-पंचविशीत त्या थैलीने त्याला फक्त संधी दिली आणि संधीचे पैसे त्याने घामाने फेडले.

पुढच्या मोसमात एव्हर्टनने त्याला कायम केले आणि नेमके तिथून दुखापतींचे शुक्लकाष्ठ लागले. लीगमध्ये आणखी फक्त ५ सामने. २००६मध्ये एव्हर्टनने सोडले, शेफील्ड युनायटेडने घेतले आणि तिथे तो जवळपास बाकावरच बसला. मग शेफील्डच्याच मालकीच्या छेंगदू क्लबात आणि शेवटी पुन्हा ल्याओनिंगमध्ये. राष्ट्रीय संघाकडून नव्वदहून अधिक सामने त्याच्या नावावर आहेत. ‘पळून न मरणारा’ माणूस पायाने दगा दिल्यामुळे थांबला. खेळाडूच्या कारकिर्दीत याहून निराळे काही घडत नाही, तेव्हा इथे रेंगाळत नाही.

प्रशिक्षक म्हणून त्याने सुरुवात केली ती चिनी फुटबॉलच्या सर्वांत श्रीमंत घरात. ग्वांगझौ एव्हरग्रांद हा बांधकाम सम्राटाचा क्लब. मार्सेलो लिपी २०१२मध्ये तिथे आले आणि ली तिए त्यांचा सहायक झाला. इटलीला विश्वचषक जिंकून देणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून शिकायला मिळणे, तेही २०१३मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या संघात, यापेक्षा चांगली शाळा चीनमध्ये नव्हती. एव्हरग्रांदच्या पाठोपाठ सगळ्या बिल्डरांनी क्लब घेतले. क्लब हातात असला की स्थानिक सरकार खूश आणि सरकार खूश तर जमीन मिळते. फुटबॉलच्या तोट्याला कुणी तोटा मानत नव्हते, तो जमिनीच्या धंद्यातला जाहिरात खर्च होता. गोल कुणी मारला यापेक्षा महापौर कुठल्या रांगेत बसले हे मालकाला महत्त्वाचे. प्रशिक्षकाकडून त्याला एकच गोष्ट हवी असायची, यंदा वर चढायचे.

ऑगस्ट २०१५मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या हेबेईच्या क्लबने रादोमिर आंतिच यांना काढून ली तिएला मुख्य प्रशिक्षक केले. (हेबेई उत्तरेत, बीजिंगभोवती. पुढे येणारे हुबेई मध्य चीनमध्ये आहे, वुहान त्याची राजधानी. दोन्हींत गल्लत नको.) अडतीस वर्षांचा नवखा प्रशिक्षक, पाठीशी बक्कळ पैसा, मोसमाचे थोडेच सामने शिल्लक. संघ वर चढला. शेवटचा सामना शेनझेनशी होता आणि तो जिंकायलाच हवा होता. त्या सामन्यासाठी समोरच्या बाजूला पैसे पोहोचवले गेले, हे आठ वर्षांनी त्या कार्यक्रमातून बाहेर आले. ली तिएने तिथे जे सांगितले त्याचा आशय असा, की खेळाडू असताना या असल्या गोष्टींची त्याला घृणा होती, पण प्रशिक्षक झाल्यावर एकदा त्या मार्गाने निकाल मिळाला आणि मग त्याचीच सवय लागली.

या कबुलीतला हा भाग मला सर्वांत खरा वाटतो. सामना विकणारा खेळाडू हरण्याचे पैसे घेतो. इथे जिंकण्याचे पैसे दिले जात होते. देणाऱ्याला आपण चोर आहोत असे वाटतच नाही. आपण संघासाठी, गावासाठी, मालकासाठी करतोय अशी मनाची समजूत घालता येते. आणि जिंकलेला प्रशिक्षक हुशारच ठरतो. पुढच्या वर्षी लावेझी आणि जर्व्हिन्योसारखे खेळाडू आणून देणाऱ्या त्याच क्लबने ऑगस्टमध्ये ली तिएला बाजूला करून मानुएल पेलेग्रिनींना आणले. वर चढवलेस, आता मोठे नाव हवे. या वागणुकीतून तो काय शिकला असेल याचा अंदाज करता येतो.

मध्ये काही काळ तो राष्ट्रीय संघावर पुन्हा लिपींचा सहायक होता. २०१७च्या अखेरीस वुहान झालमध्ये गेला, २०१८मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत अव्वल आला आणि २०१९मध्ये सुपर लीग या सर्वांत वरच्या श्रेणीत सहावा. नवागत संघासाठी हे यश मोठेच. त्यातले खरे किती आणि विकतचे किती, हे आता कोण सांगणार? विकत घेतलेल्या निकालांची सर्वांत वाईट बाजू हीच आहे. प्रशिक्षक म्हणून त्याच्यात काही खरी गुणवत्ता होती का, याचे उत्तर कायमचे नासून गेले. कदाचित त्याच्यासाठीही.

नोव्हेंबर २०१९मध्ये दुबईत सीरियाकडून १-२ असा पराभव झाला आणि लिपींनी त्याच रात्री राजीनामा दिला. खुर्ची रिकामी झाली. डिसेंबरच्या पूर्व आशियाई स्पर्धेत हंगामी प्रशिक्षक म्हणून ली तिए होता आणि कायमच्या पदासाठी चिनी उमेदवारांच्या मुलाखती ठरल्या होत्या. लोकांपुढे ही गुणवत्तेची चुरस होती.

पडद्यामागे काय चालले होते ते समजायला अध्यक्षांची एक गोष्ट पुरे. चेन शूयुआन हे शांघायच्या बंदर कंपनीचे माजी प्रमुख. फुटबॉलमध्ये नवे, म्हणून स्वच्छ असतील या आशेने ऑगस्ट २०१९मध्ये त्यांना आणले होते. निवडीच्या आदल्या रात्री दोन प्रांतिक फुटबॉल अधिकारी त्यांच्या खोलीवर आले आणि प्रत्येकाने तीन-तीन लाख युआन ठेवले. हे त्यांनी स्वतःच त्या कार्यक्रमात सांगितले. म्हणजे पदावर बसण्याआधीच पहिला हप्ता. साहेब बदलले तर पाकिटावरचे नाव बदलते, एवढेच.

आता ३० लाखांचा हिशेब पाहू. बाहेरून पाहता हा वेडेपणा वाटतो, पण व्यवहार म्हणून तो चोख होता. वुहानने अध्यक्षांना २० लाख का द्यावे? कारण आपला माणूस राष्ट्रीय प्रशिक्षक झाला, की आपले खेळाडू राष्ट्रीय संघात जातात. राष्ट्रीय खेळाडूचा बाजारभाव वाढतो, क्लबची पत वाढते. नेमणुकीनंतर ली तिए आणि वुहान यांच्यात ६ कोटी युआनचा करार झाल्याचे आणि वुहानचे खेळाडू त्याने संघात घेतल्याचे कार्यक्रमात दाखवले गेले. ३० लाखांचे बी पेरून कोटींचे पीक. इतर क्लबांच्या खेळाडूंनाही निवडीची दारे याच पद्धतीने उघडत होती. जागा विकत घेतलेल्या माणसाने पुढच्या जागा विकल्या, यात नवल कसले? गुंतवणूक वसूल करायची असते.

आणि इथे जुन्या दारांपेक्षा फरक पडला. एव्हर्टनच्या दारातून आत गेल्यावर रोज सिद्ध करावे लागत होते, मॉइज बघत होते, प्रेक्षक बघत होते. या खुर्चीत बसल्यावर सिद्ध करण्यासारखे फारसे उरलेच नव्हते.

२०२१च्या सप्टेंबरपासून विश्वचषक पात्रतेची अंतिम फेरी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाकडून ०-३, जपानकडून ०-१. व्हिएतनामविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवून वू लेईच्या शेवटच्या क्षणाच्या गोलने कसाबसा ३-२ विजय. सौदीकडून २-३. ओमान आणि ऑस्ट्रेलियाशी १-१. कोविडमुळे चीनचे बरेचसे ‘घरचे’ सामनेही शारजात होत होते, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. ब्राझीलमधून आलेले आणि चिनी नागरिकत्व दिलेले आघाडीवीर बाकावर का, हा सर्वांचा प्रश्न होता. ली तिएचे उत्तर होते, की त्यांचा दम नव्वद मिनिटांचा नाही. धावण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचेच हे उत्तर. पण हेच उत्तर वर सांगितलेल्या निवडींच्या शेजारी ठेवले की त्याचा वास बदलतो. त्याच दिवसांत तो आपल्या समाजमाध्यमावर जाहिरातीही टाकत होता. लोक खवळले. ३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचा राजीनामा आला. जागी आला ली श्याओपेंग, २००२च्या विश्वचषकातला त्याचाच सहकारी, आणि १ फेब्रुवारी २०२२ला, चिनी नववर्षाच्याच दिवशी, हनोईत व्हिएतनामने चीनला ३-१ असे हरवले.

नोव्हेंबर २०२२मध्ये, कतारचा विश्वचषक चालू असताना, ली तिएची चौकशी सुरू असल्याचे जाहीर झाले. एक धागा ओढला आणि स्वेटर उसवावा तशी संघटना उसवत गेली. चेन शूयुआन यांना मार्च २०२४मध्ये जन्मठेप झाली. त्यांनी ८ कोटींहून अधिक युआन घेतल्याचे सिद्ध झाले होते. ल्यू यी यांना ११ वर्षे. क्रीडा प्रशासनाचे उपप्रमुख तू चाओत्साय यांना १४ वर्षे. सप्टेंबर २०२४मध्ये संघटनेने ४३ जणांवर आजन्म बंदी घातली. तपासात १२० सामने आणि ४१ क्लब यांची नावे आली होती.

ली तिएवर हुबेईमधल्या श्येननिंगच्या न्यायालयात खटला चालला. आरोप पाच प्रकारचे, आणि ते पाच का, हे समजून घेण्याजोगे आहे. चिनी कायद्यात सरकारी पदावरच्या माणसाने घेतलेली लाच वेगळी आणि खासगी नोकराने घेतलेली वेगळी. राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून घेतलेले पैसे पहिल्या खणात गेले, क्लबचा प्रशिक्षक म्हणून घेतलेले दुसऱ्या. वर दोन्ही प्रकारच्या लोकांना दिलेली लाच आणि संस्थेच्या वतीने दिलेली लाच. एकूण रक्कम सुमारे १२ कोटी युआन असल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे सव्वाशे कोटी रुपयांच्या वर. आपल्याकडे याच्या उलट चित्र आहे. जानेवारी २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, सामनानिश्चितीला कलम ४२०खालची फसवणूक म्हणता येणार नाही, असे म्हणून कर्नाटक प्रीमियर लीगच्या खेळाडूंवरचा खटला रद्द केला होता. तिकडे वीस वर्षे, इकडे कलमच सापडत नाही. मला दोन्ही टोके खटकतात.

होय, वीस वर्षे. १३ डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला. अपील ३० एप्रिल २०२५ला फेटाळले गेले. शिक्षा झाली तेव्हा त्याचे वय ४७ होते.

चिनी प्रेक्षकांना यातून धक्का बसला असे म्हणतात, पण मला शंका आहे. २०१२मध्येच असाच एक सफाईचा फेरा होऊन गेला होता. संघटनेचे दोन माजी प्रमुख नान योंग आणि श्ये यालोंग यांना प्रत्येकी साडेदहा वर्षे झाली. आंतरराष्ट्रीय पंच लू जुन तुरुंगात गेला, ज्याला ‘सोन्याची शिटी’ म्हणत. त्याच वर्षी एका जुन्या सामन्याचे पैसे घेतल्याबद्दल चार माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाही शिक्षा झाली. त्यांतले दोघे, गोलरक्षक जियांग जिन आणि मिडफिल्डर ची होंग, २००२च्या विश्वचषकाला ली तिएबरोबर गेले होते. त्या सामन्याच्या वेळी ली तिए लिव्हरपूलला होता, त्यामुळे तो त्या जाळ्याच्या बाहेर राहिला. २०१२मध्ये सहकारी गजांआड जात असताना हा लिपींच्या शेजारी बाकावर बसून वहीत टिपणे काढत होता. अवघ्या तीन वर्षांनी हेबेईमध्ये त्याने तोच रस्ता धरला. शेजारचे घर जळताना पाहूनही तो जुगार खेळला याचा एकच अर्थ मला लागतो. त्या शिक्षा त्याला इशारा वाटल्याच नाहीत, दुसऱ्या कुणाची वाईट वेळ वाटली.

ज्या थैल्यांनी त्याला वर नेले त्यांचे काय झाले? जियानलिबावचा संस्थापक पुढे भ्रष्टाचारात दोषी ठरला. केजियान कर्जात बुडाली. एव्हरग्रांदचे साम्राज्य कोसळले आणि जानेवारी २०२५मध्ये ग्वांगझौचा क्लबही बंद झाला. ल्याओनिंग २०२०मध्ये बंद, वुहान आणि हेबेई २०२३मध्ये. ज्या क्लबांसाठी तो खेळला वा शिकवला, त्यांतला एव्हर्टन आणि शेफील्ड सोडून एकही आज उभा नाही. आणि वुलिहे स्टेडियम, जिथे ओमानला हरवून चीन विश्वचषकात गेला, ते फेब्रुवारी २००७मध्येच सुरुंग लावून पाडले. जेमतेम अठरा वर्षांचे होते. जागा मोक्याची होती, बिल्डरला हवी होती.